शिसं की लोखंड

१४ डिसेंबर

लटारू भाऊजी,

नमस्कार लिहीत नाही. नमस्कार करावा असं तुमच्यात काही असतं, तर अकरा वर्षांत एकदा तरी घरचा उंबरा ओलांडला असता. मी वच्छला, तुमच्या थोरल्या भावाची, इस्तारीची बायको. ओळख द्यावी लागते, कारण फोनवर तुम्ही कोणाला ओळखत नाही. माझा नंबर उचलत नाही. उर्वशीनं लावला तर पोरीचाही बंद करून टाकला. सख्खी पुतणी आहे ती तुमची. शेजारचा नथ्थू बल्लारपूरला लाकूड उतरवायला आला होता, त्यानं तुम्हाला आरागिरणीत पाहिलं. हाक मारली तर तुम्ही फळ्यांच्या थप्पीमागे जाऊन उभे राहिलात म्हणे. पन्नाशीला आलेला माणूस! म्हणून पत्र लिहिते. पत्र रजिस्टर केलंय, पोस्टमन सही घेतल्याशिवाय हलणार नाही.

बल्लारपूर काही विलायतेत नाही. सकाळच्या बसनं निघाले तर दुपारी तुमच्या दारात उभी राहीन. पण तुमच्या दारात उभं राहण्याइतके वाईट दिवस माझ्यावर अजून आलेले नाहीत.

तुमच्या भावाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. कॅन्सरची. गावानं काय म्हटलं ते ऐका, पिऊन पिऊन सडलं. आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात तुम्ही मोहाची काय कमी ढोसली? पण तुम्ही ठणठणीत आहात, आणि ज्यानं पोळ्यालासुद्धा तोंड लावलं नाही त्याला गाठ. डॉक्टर म्हणाले, जुनी पांढरी कावीळ अंगात राहिली होती, तिच्यामुळे झालं. हे मी बाजारात मासे विकताना दहा जणींना समजावून सांगितलं. दहाही जणी मान डोलावून पुढच्या टोपलीवर गेल्या आणि तिथे पुन्हा दारूच म्हणाल्या.

दिवाळीनंतर नागपूरला गाठ जाळली. पोट फाडलं नाही. बरगडीखालून सुई आत घातली, सोनोग्राफीत बघत बघत गाठीपर्यंत नेली आणि सुईचं टोक तापवून गाठ जागेवरच शिजवून मारली. नथ्थूच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे डाग देल्ला म्हन ना." तिचं सोपं असतं. पण डाग नीट बसला की नाही, कडेला एखादा जिवंत तुकडा राहिला की काय, हे महिन्यानं बघावं लागतं. ते बघायला एमआरआय, तोही शिरेतून औषध सोडून. सीटी स्कॅनच्या औषधानं त्यांच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या, श्वास कोंडला होता, म्हणून तो रस्ता बंद. एमआरआयचं औषध वेगळं असतं.

तर आम्ही परवा चंद्रपूरला गेलो. अंगावरचं करगोट्यापासून सगळं काढायला लावलं, मागून नाड्यांचा झगा घातला. मग तिथल्या मुलानं विचारलं, "काका, अंगात कुठे लोखंड, सळी, छर्रा काही आहे का? मशीन म्हणजे मोठं चुंबक आहे, ओढून घेतं." तुमचा भाऊ काय म्हणाला असेल?

"काई नाई सायब. अंगात काईच नाई."

सरळ डोळ्यात बघून. मी म्हटलं, थांबा. ह्यांच्या मांडीत छर्रे आहेत.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भर बाजारात विकलं. मुलानं एक्स-रे काढला. मांडी-जांघेत पांढरे कण दिसले, आणि त्यातला एक तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. तिथली डॉक्टर म्याडम बाहेर आली. तरुण आहे, पण बोलायला नेमकी. म्हणाली, शिसं असेल तर चुंबक त्याला हात लावत नाही, आम्ही फोटो काढू. लोखंड असेल तर तो कण हलू शकतो, आणि हलला तर रक्त थांबवायला वेळ मिळणार नाही. एक्स-रेत दोन्ही पांढरंच दिसतं. छर्रे कशाचे आहेत?

तुमचा भाऊ भिंतीकडे बघत बसला. कपडे घाला म्हणाले, घातले. परतीच्या बसमध्ये गोंडपिपरी आल्यावर एवढंच म्हणाले, "लटारूले जेलात घालतं का तू?"

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देते. धान कापणीला आला होता, रानडुकरं बांधीत, उभ्या पिकात लोळत होती. तुमची ती चोरून ठेवलेली, नळीत दारू-छर्रे ठासायची भरमार बंदूक घेऊन दोघं भाऊ दिवेलागणीला गेलात. झुडूप हललं म्हणून तुम्ही घोडा ओढला. झुडपात डुक्कर नव्हतं, तुमचा भाऊ होता. वनखात्याच्या भीतीनं दवाखाना नको म्हणालात. वैदूकडून वरवरचे चार कण काढवले, आणि काटेरी तारेवर पडला असं गावाला सांगितलं. होळीपर्यंत तुम्ही पसार. भाऊ लंगडत बोडीवर, तळ्यातल्या मासेमारीला जाऊ लागला तोपर्यंत तुम्ही बल्लारपुरात फळ्या मोजत होता.

मला तुमची माफी नको, मदतही नको. येऊ तर मुळीच नका. एका शब्दाचं उत्तर द्या. त्या दिवशी बंदुकीत काय भरलं होतं, शिसं की लोखंड?

वच्छला


२४ डिसेंबर

लटारू भाऊजी,

पोस्टाची पावती आली. सही तुमचीच आहे, तो वाकडा 'ल' मी ओळखते. म्हणजे पत्र मिळालं, वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

कदाचित तुम्हाला वाटत असेल, एका फोटोचं काय एवढं. तुमच्यासारखे शहाणे इथेही कमी नाहीत. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष परवा घरी आला. ज्याला मरळ आणि शिंगाडा या माशांतला फरक विचारला तर चष्मा शोधतो, तो मला म्हणाला, "एमआरआय कायले पाहिजे वच्छलाबाई? साधी सोनोग्राफी करून पाहा ना." माझं न ऐकता ह्यांना घेऊनही गेला. सोनोग्राफीत जाळलेला भाग दिसला, आधीच्या गाठीपेक्षा मोठा. झालं! गाठ लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली, अशी बातमी संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचली. एक जण तर माझ्याकडे बघून हळहळला. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या बायकोसाठी हळहळ, ती तुझ्यासोबत राहते.

नागपूरच्या डॉक्टरांना उर्वशीनं फोन लावला. ते म्हणाले, मोठा दिसणारच. गाठ जाळताना भोवतीची थोडी चांगली जागाही मुद्दाम जाळतात, कडेला काही शिल्लक राहू नये म्हणून. मोठं आहे का हा प्रश्नच नाही. जिवंत आहे का, हा प्रश्न आहे. औषध रक्तातून जातं. जिथे जिवंत गाठ आहे तिथे रक्त जातं, औषध जातं, ती जागा फोटोत उजळते. मेलेल्या भागात रक्तच जात नाही. पण जाळलेला भाग औषधाशिवायसुद्धा फोटोत थोडा पांढरा दिसतो, म्हणून एक फोटो औषधाआधी काढतात, मग औषधानंतर, आणि मशीन दुसऱ्यातून पहिला वजा करतं. वजा करून जे उजळलेलं उरतं ते जिवंत. हे मला एका दमात समजलं, आणि मी दहावीनंतर शाळा सोडलेली बाई आहे. अध्यक्षाला तीनदा सांगितलं, तो म्हणाला, "पन वाढलं तं आहे ना?"

जिवंत तुकडा राहिला असेल तर तो आत्ताच पुन्हा जाळता येतो. उशीर झाला तर जाळण्यापलीकडे जातो. आता कळलं का एका फोटोचं काय ते?

आता पुढचं ऐका. तुमच्या भावानं नथ्थूला हाताशी धरून दुसऱ्या एका ठिकाणी तारीख घेतली आहे. ६ जानेवारी. मला न सांगता. मला सोबत नेणारच नाहीत, कारण मी तोंड उघडते. तिथे विचारलं तर अंगात काही नाही म्हणायचं आणि मशीनमध्ये जाऊन पडायचं, असा ह्या दोघा अक्कलवंतांचा बेत. नथ्थूच्या पोटात काही राहत नाही म्हणून मला कळलं.

मी त्यांना विचारलं, छर्रा हलला तर? "नाई हलत." लोखंड असलं तर? "नसन." कशावरून? तर म्हणाले, "लटारू लोखंड कायले भरन? तो का येडा आहे?"

अकरा वर्षं मांडीत धातू घेऊन फिरणारा माणूस, ज्यानं तो घातला त्याची बाजू घेतो. मला ह्या माणसाची इतकी चीड येते की मासे कापताना पाट दोनदा घसरला. तुमची तर चीडही येत नाही आता. चीड येण्यासाठी समोर कोणीतरी असावं लागतं.

मी त्यांना म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, "मंग कसं करू? आतमंदी का आहे ते कळाले नाई पाहिजे का मले?" एवढंच म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज घाबरलेला वाटला. मी चुलीपाशी गेले आणि बराच वेळ उगाच फुंकर घालत बसले, चूल पेटलेलीच होती.

एक शब्द. पोस्टकार्डावर मावतो.

वच्छला


३ जानेवारी

लटारू भाऊजी,

पोस्टकार्ड आलं. "वहिनी, शिसं होतं. बाबाच्या जाळ्याच्या गोळ्या. लटारू." अकरा वर्षांनी एवढंच. भाऊ कसा आहे हे विचारायला कार्डावर जागा उरली होती, अर्धं कार्ड कोरं आहे.

तुमच्या शब्दावर मी ह्या माणसाला चुंबकात ढकलणार नाही. तुम्ही आईच्या गळ्याची शपथ घेऊन दारू सोडली होती, ती किती वेळा ते तुमच्या आईलाच माहीत होतं. म्हणून मी माळ्यावरून मामंजींचं फेकजाळं काढलं. धूळ, उंदरांच्या लेंड्या, सगळं. जाळं बुडावं म्हणून काठाला ओवलेल्या बऱ्याच गोळ्या कापून काढलेल्या आहेत, तेवढं तुमचं खरं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक उर्वशीनं काढलं, ते उरलेल्या गोळ्यांवरून फिरवलं. बहुतेक गोळ्या गप्प राहिल्या. पण मधल्या काही चटकन येऊन चिकटल्या. लोखंड! मामंजींनी शेवटच्या वर्षांत जाळं दुरुस्त करताना मिळतील त्या गोळ्या बसवल्या असणार. माणूस गरीब होता, हौशी नव्हता.

म्हणजे त्या जाळ्यात दोन्ही होतं. तुम्ही हाताला लागतील त्या गोळ्या ओढून काढल्या असतील, तर कोणती कुठे गेली हे देवाला ठाऊक. तुम्ही बघून घेतल्या का? कशा ओळखल्या? तेव्हा शुद्धीत होता का?

तुमचा भाऊ उर्वशीच्या हातातल्या चुंबकाकडे बघत होता. एक गोळी चिकटली तेव्हा त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवला.

६ तारखेचं मी मोडलं. तपासणीच्या जागी सगळीकडे आधार कार्ड मागतात. त्यांचं कार्ड मी तांदळाच्या कोठीत खालपर्यंत घातलं आहे. तुमचा भाऊ दोन दिवस शोधून राहिला आहे, मीही सोबत शोधते. नथ्थू सुद्धा शोधतो.

पहिल्या ठिकाणच्या म्याडमला मी फोन केला. जाळ्याचं सगळं सांगितलं. कोणी गोळी मारली हे तिला नको आहे, ती पोलीस नाही. ती म्हणाली, ज्यानं छर्रे तयार केले त्यानं ते कसे तयार केले हे मला स्वतः ऐकायचं आहे, समोर. मगच ठरवीन. तारीख दिली आहे ९ जानेवारी, सकाळी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, येऊ नका. ते मी मागे घेते. त्याला मान समजू नका, तुमच्याशिवाय चाललं असतं तर तुमच्याशिवाय चालवलं असतं. आमचा आजवरचा संसार तसाच झाला. सेंटरचा पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. बल्लारपूरहून चंद्रपूर केवढं आहे ते तुम्हाला माहीत. दर तासाला गाडी आहे, पळून जायलाही तीच कामी येते.

त्यांना सांगितलेलं नाही की मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही आला नाहीत तर निदान त्यांना वाट तरी बघायला लागू नये.

वच्छला


१२ जानेवारी

लटारू भाऊजी,

नऊ तारखेचं अर्धं तुम्ही पाहिलं, अर्धं तुम्ही पाहायचं टाळलं. दोन्ही सांगते.

तुम्ही आलात. मला वाटलं नव्हतं. आत आलात तेव्हा तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, जसे काही बँक लुटायला निघाला होता. वॉचमननं अडवलं तर म्हणालात, "पेशंटचा भाऊ आहो." तो शब्द तुमच्या तोंडून ऐकून मला हसावं की थुंकावं कळेना. केस पांढरे झालेत तुमचे. कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, तुम्ही मामंजींसारखे दिसायला लागलात, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

म्याडमनं विचारलं, छर्रे कसे केले? तुम्ही खिशातून काढून टेबलावर ठेवला तो सासूबाईंचा अडकित्ता. म्हणजे तोही तुम्हीच नेला होता! सासूबाई शेवटपर्यंत त्याला शोधत होत्या, आणि सुपारी दगडानं फोडून खात होत्या. पण ते भांडण वेगळं. तुम्ही म्हणालात, "म्याडम, गोळ्या मोठ्या होत्या. ह्या अडकित्त्यानं कापून कापून भरल्या. शिसं नरम राह्यते, सुपारीवानी कटते. लोखंड ह्यानं कटत नाई. जी नाई कटली, ते म्या फेकून देल्ली."

म्याडमनं अडकित्ता उचलून पाहिला. मग एक्स-रे दिव्यासमोर धरला. "म्हणूनच," ती म्हणाली, "हे कण गोल नाहीत. सगळ्यांना कोपरे आहेत. मी तेव्हापासून विचार करत होते." मांडीतल्या प्रत्येक कणाला कापल्याचा कोपरा होता. रक्तवाहिनीजवळच्यालाही. तिनं नागपूरला फोन केला, मोठ्या डॉक्टरांशी बोलली, आणि म्हणाली, करू या.

आयुष्यात पहिल्यांदा तुमचं बोलणं खरं निघालं, आणि तेही डुक्कर मारायच्या तयारीचं. तरी त्या वेळी माझ्या मनात आलेलं लिहून टाकते. तुमचे पाय धरावेत असं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात ते झगा घालून बाहेर आले. मागच्या नाड्या एका हातानं धरून. तुम्ही दोघं समोरासमोर उभे. अकरा वर्षं. मी म्हटलं आता हे काहीतरी बोलतील. बोलले.

"बारीक झाला तू."

दुपट्टा तोंडात कोंबून उभे राहिलात. त्यांनी तुमच्या खांद्याला हात लावला, औषधासाठी सुई लावून ठेवलेला हात, आणि म्हणाले, "बस इथीच. येतो मी." आणि आत गेले.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. आता पुढचं.

आतून मशीनचा ठकठक आवाज येत होता. काचेपलीकडून मुलगा सांगायचा, श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा. लोकांना तो धरवत नाही, फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो. मुलगा बाहेर येऊन मला म्हणाला, "काका तर जबरदस्त धरतात. मी सोडा म्हणायला विसरलो तरी धरून होते." मी म्हटलं, बोडीत खाली बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवणारा माणूस आहे तो. हे ऐकायला तुम्ही असाल म्हणून मी मागे वळले. खुर्ची रिकामी होती.

मला आधी वाटलं लघवीला गेलात. मग वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, दारात होमगार्ड आला, त्याला पाहून काकांनी जी धूम ठोकली ती थेट रस्त्यापलीकडे. लटारू भाऊजी, तो होमगार्ड त्याच्या आईला घेऊन आला होता. म्हातारीचा गुडघा दुखत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. टोपी काखेत धरून तो बिचारा आईची चप्पल उचलत होता, आणि तुम्ही त्याला भिऊन भावाला टाकून गेलात. पुन्हा! पहिल्या वेळी निदान हातात बंदूक होती.

ते बाहेर आले. घाम आलेला, सुईच्या जागी कापूस. पहिला प्रश्न फोटोचा नव्हता.

"लटारू कुठी आहे?"

मी म्हणाले, चहा आणाले गेले.

का म्हणाले ते मला ठाऊक नाही. खरं सांगायला मला कधीच काही वाटत नाही, तुम्हाला ही पत्रं मिळाली आहेत, तुम्हाला कळलंच असेल. पण त्यांनी ज्या तोंडानं विचारलं त्या तोंडावर मला ते सांगता येईना. ते तुमच्या खुर्चीवर बसले. आम्ही बसून राहिलो. कँटीनवाला तीनदा येऊन गेला, त्यांनी घेतला नाही. "लटारू आनून राह्यला ना," म्हणाले. शेवटी दुपारची बस चुकली, मग पुढची यायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना हाताला धरून उठवलं. फाटकातून बाहेर पडताना ते दोन्ही बाजूंना बघत होते.

काल रिपोर्ट आला. म्याडमनं फोनवर उर्वशीला समजावलं, आणि उर्वशीनं आम्हाला वाचून दाखवलं. औषधाआधीचा फोटो औषधानंतरच्या फोटोतून वजा केला, आणि जाळलेल्या जागेत काहीही उरलं नाही. पूर्ण काळी. भोवती एक बारीक सारखी कडा आहे, ती भरून येण्याची असते, भिण्यासारखी नाही. भिण्यासारखं म्हणजे कडेला एखादा गोळा उजळला असता तर, तसा नाही. गाठ मेली. रक्तवाहिनीजवळचा छर्रा जागेवर आहे, केसभर हलला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, कारण असली गाठ दुसरीकडे डोकं काढू शकते, पण आज काही नाही.

मी रडले. आता लपवून काय करू, तुम्ही काही कोणाला सांगायला इकडे येणार नाही. नथ्थूच्या आईनं ओवाळलं. सोसायटीचा अध्यक्ष येऊन म्हणाला, "म्या म्हटलं नवतं का, काई नाई म्हनून?" त्याला मी रोहूचं डोकं बांधून दिलं. आनंदाच्या दिवशी माणूस काय काय करतो!

आणि ते? रिपोर्ट ऐकून ओट्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, ऐकलं ना, सगळं मेलं आत, सुटलो आपण. ते हो म्हणाले. मग म्हणाले, "लटारूले कळवजो."

मी म्हटलं, कळवते.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. माझ्याकडे न बघता, जशी काही चूक त्यांचीच.

"चहा घेऊन वापस आला असन तो. आपनच लवकर निघालो."

हे मी जसं त्यांनी म्हटलं तसंच लिहिलं आहे, माझा एक शब्द घातलेला नाही. मला ह्यावर तुम्हाला काहीतरी जहरी लिहायचं होतं. सकाळपासून शोधते आहे, सापडत नाही.

पुढची तारीख १० एप्रिल, सकाळीच. ते पुन्हा आत जातील, श्वास धरतील, बाहेर येतील, आणि बाहेर आल्या आल्या काय विचारतील ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्यांदा चहाचं सांगितलं तर त्यांना ते पटेल, पटवून घेतील ते, आणि तेच मला सहन होणार नाही.

या. रिकाम्या हातानं आलात तरी चालेल.

वच्छला